मंजिरीचा उजवा हात

या दुखण्याला टेनिस एल्बो हे नाव कुणी दिलं कोण जाणे. मिरजेत भूपाल चौगुलेच्या दवाखान्यात इतक्या वर्षांत टेनिस खेळणारा एकही पेशंट आला नव्हता. येत त्या धुणी पिळणाऱ्या बायका, गिलावा करणारे गवंडी, दिवसभर कढईत झारा फिरवणारे आचारी, आणि खास मिरजेचे म्हणून तंबोरे घडवणारे कारागीर. "चौगुले, आपण दाराशी पाटी लावू," मंजिरी म्हणायची. "टेनिस सोडून बाकी सगळ्या खेळांची कोपरं इथे बरी होतील." ती पाटी दोघांपैकी कुणालाच वाचता आली नसती, हा त्या विनोदातला तिचा सगळ्यात आवडता भाग.

दोघंही अंध. भूपाल जन्मापासून, मंजिरी लहानपणच्या एका तापानंतर. मुंबईला अंधांसाठीच्या फिजिओथेरपीच्या वर्गात दोघं एकत्र शिकली. प्रात्यक्षिकाला विद्यार्थ्यांनी एकमेकांचेच सांधे तपासायचे असत. त्यामुळे मंजिरीचा आवाज ओळखू येण्याआधी भूपालला तिचा अंगठा ओळखू यायला लागला होता. तेव्हापासून ती त्याला आडनावाने हाक मारी, ती सवय लग्नानंतरही सुटली नाही. भूपालची आई कुरकुरायची, "नवऱ्याला काय फौजदारासारखं चौगुले चौगुले करतीस गं?" मंजिरी म्हणायची, "आई, तुम्ही पण चौगुलेच. दोघांना एका हाकेत बोलावता येतं."

गावात म्हणत, भूपाल डॉक्टरांकडे विद्या आहे, पण बाईंना हातगुण आहे. भूपालला याचं वाईट वाटत नसे. त्याचंही मत तेच होतं.

दिवसभर लोकांची कोपरं चोळून फिजिओथेरपिस्टचे स्वतःचे अंगठे झिजतात. म्हणून संध्याकाळी दवाखान्याचं शटर ओढलं, की वाटीत खोबरेल तेल कोमट करायचं आणि एकमेकांचे हात दाबायचे, हा त्यांचा नेम होता. "डावा दे." मग, "आता उजवा." दाबून घेताना मात्र मंजिरी स्वस्थ बसत नसे. तिचा अंगठा भूपालच्या तळव्यात शिरून आपणच काहीतरी तपासत राहायचा.

"अगं, आत्ता पेशंट तू आहेस."

"सवय हो, चौगुले. तुमच्या बोटाच्या मुळाशी गाठ आहे बघा."

बऱ्याच वेळाने तो अंगठा एकदम सैल पडायचा. मग ती बोलत नसे. दिवस संपला, असं भूपाल त्यालाच समजायचा.

मंजिरीला जाऊन आता तिसरं वर्ष लागलं होतं. आणि आता भूपालचंच कोपर गेलं होतं.

भरलेला तांब्या उचलायला गेला, की कोपराच्या बाहेरच्या हाडावर कुणी तापलेला खिळा टेकवल्यासारखं व्हायचं. मनगट वर उचलणारे स्नायू एका छोट्या कंडरेने त्या हाडाला बांधलेले असतात. तेच ते काम करून ती कंडरा उसवते, आणि बरी होताना वेडीवाकडी सांधली जाते, जुन्या बनियनला घाईने घातलेल्या टाक्यांसारखी. त्यावर हाताचे उपाय जुनेच. कंडरेला आडवं घासायचं, म्हणजे चुकलेले टाके सुटतात आणि नवे सरळ पडतात. कोपराचा सांधा जरासा बाजूला सरकवून धरायचा आणि पेशंटला मूठ आवळायला सांगायची. कधी शेवटी हात सरळ करताना एक नेमका झटका. सगळं पुस्तकात आहे. किती दाबायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच पुस्तकात नाही.

ते आता बाहीत आलं होतं.

बाही म्हणजे दंडापासून तळव्यापर्यंत चढवायचा एक मऊ पट्टा. आतल्या अस्तरात केसाएवढ्या बारीक तंतूंचं जाळं. वीज मिळाली की ते स्नायूंसारखे आकसतात, आणि समोरच्या अंगाने किती प्रतिकार केला तेही त्यांना कळतं. चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या हातात पातळ मोजे घालून महिनोन्‌महिने त्याचं काम टिपायचं आणि ते बाहीला शिकवायचं. नुसतं टिपलेलं पुन्हा वाजवून उपयोग नसतो, कारण प्रत्येक कोपर वेगळं. म्हणून बाही त्या हाताचा स्वभाव शिकते. पेशंटने अंग चोरलं तर हा हात काय करतो? मऊ लागलं तर कुठे वळतो? गाण्याच्या भाषेत सांगायचं, तर बाहीत गाणं भरलेलं नसायचं, गळा भरलेला असायचा. तालुक्या-तालुक्याला केंद्रं निघाली होती. पेशंट तिथे जाऊन म्हणत, "आज नाशिकच्या जोगळेकरांचा हात द्या," किंवा, "आम्हाला मिरजेच्या बाईंचाच द्या."

मिरजेच्या बाई म्हणजे मंजिरी.

ती हात द्यायला निघाली, त्या उन्हाळ्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "हात म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?" भूपाल म्हणाला होता. "असं समजा," ती म्हणाली होती. "कैऱ्यांचे दिवस संपले की बरणीच कामाला येते." तिच्याशी वाद घालणं हे नेहमीच असं असायचं. भूपालने मग त्या विषयावर बोलणंच तोडलं. दिवाळीत एक दिवस तिच्या हातून चहाचा कप पडला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की, एकेक स्नायू वाळत नेणारा आजार आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवू या, पण मला माहीत आहे. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

बाहीला त्याने आजवर स्पर्श केला नव्हता.

एका सकाळी दस्तगीर शिकलगार दवाखान्यात आले. तीन पिढ्यांचे तंबोरेवाले. येतानाच त्यांच्या कपड्यांतून लाकडाच्या भुशाचा वास यायचा, आणि बोलणं दाराबाहेरूनच सुरू व्हायचं.

"काय डॉक्टर, कोपर काय म्हणतंय तुमचं? वैद्याच्या घरात दुखणं आणि सुताराच्या घरात मोडकी खुर्ची!"

"बसा. तुमचं काय? बाहीने बरं वाटलं का?"

महिन्याभरापूर्वी भूपालनेच त्यांना केंद्रावर पाठवलं होतं. त्याच्या स्वतःच्या हाताने घासणं होईना, आणि दस्तगीरांचं काम अडलेलं. जाताना दस्तगीर म्हणाले होते, मग मी बाईंचाच हात घेतो, तेवढीच भेट.

"दुखणं गेलं बघा," दस्तगीर म्हणाले. "पर बोटं ऐकंनात."

भूपालने त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. "मनगट उचला." उचललं. "आता बोटं सरळ करा." बोटं मुळाशी हललीच नाहीत. भूपालने कोपराच्या पुढची जागा चाचपली. कोपराच्या पुढून एक मज्जातंतू खाली उतरतो, तोच बोटं उघडतो. घासणारा अंगठा हाडावरून पुढे घसरला आणि पुन्हा पुन्हा घसरत राहिला, तर ती नस चेंगरते. विद्यार्थ्याने असं केलं, तर मंजिरी त्याला आठवडाभर पेशंटला शिवू देत नसे.

"नस मेलेली नाही, दबलीय," तो म्हणाला. "परत येईल, पण दिवस लागतील. बाही बंद करा."

"बंद करतो. पर जवारी कशी लावू, डॉक्टर? त्याबिगर तार गुंजत नाही. तारेखालच्या घोडीवर कानस धरायची तर बोट उघडाय पाहिजे. गेल्या आठवड्यात एक तंबोरा दिला, त्यो गातच नव्हता. नुसता टणटण. गिऱ्हाईक काही बोललं नाही, तेच लागलं बघा." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाईंकडं चूक नाही हां यात. आमचं वय झालं."

दस्तगीर गेले तरी भूपालला ते पटेना. मंजिरीचा अंगठा घसरेल, हे त्याला सूर्य पश्चिमेला उगवेल म्हटल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी करतल हेल्थ या बाहीच्या कंपनीतून सानिया मुजावर आली. ही मिरजेचीच मुलगी. लहानपणी आईच्या खांद्यासाठी मंजिरीकडे येऊन बसायची, आता इंजिनिअर झाली होती. ती काय बोलणार, हे भूपालला तिच्या चपला दाराशी घुटमळल्या तेव्हाच कळलं.

"सर, मंजिरीबाईंच्या हाताबद्दल तक्रारी आल्यात. फक्त दस्तगीरचाचांची नाही. सगळ्यांची नाही, पण ज्यांची कंडरा जुनाट, खूप दाबावी लागते, अशांची. कंपनीने समिती नेमलीय. पुढच्या सोमवारी ठरवतील."

"काय ठरवतील?"

"हात ठेवायचा की काढायचा. काढला तर पुसून टाकावा लागतो. दुखापत करणारा हात साठवून ठेवायचा नाही, असा नियम आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. "बाही बाईंचं काहीतरी चुकीचं शिकली, की बाईंचंच तसं होतं, ते आम्हाला आकड्यांत दिसत नाही. तुम्ही बाही चढवून बघाल का? त्यांचा हात तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही."

"मी या यंत्राला शिवणार नाही हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे, सर."

"तरी आलीस."

"तुम्ही नाही म्हणालात, तर समिती आकडे बघून ठरवेल. आणि आकडे त्यांच्या विरुद्ध आहेत."

भूपालने चष्मा काढून पुसला. चष्मा त्याला कशासाठीच लागत नसे, मंजिरीने आणला होता, "डॉक्टर वाटायला पाहिजे" म्हणून. "माझं कोपर दुखतंच आहे," तो म्हणाला. "आण तुझी बाही. दोष यंत्रातच निघेल."

बाही गार होती, मग अंगाइतकी ऊबदार झाली. सानिया पट्टे लावून लांब सरकली. क्षणभर काहीच झालं नाही. भूपालला वाटलं, एवढंच. रबराचा पट्टा. उगाच भ्यायलो.

मग कोपराच्या खोबणीवरून बोटांची पाठ हलकेच फिरली.

मंजिरी हे प्रत्येक पेशंटला करायची. दाबण्याआधी, दार वाजवल्यासारखं, येऊ का म्हणून विचारल्यासारखं. भूपालच्या तोंडून श्वास निघाला तो परत आत गेलाच नाही. अंगठा हाडाच्या टोकावर आला, थोडा मागे सरला, नेमकी जागा सापडली तसा थांबला. तिचं ते थांबणं. "सापडलं बघा चौगुले" म्हणायच्या आधीचं. मग आडवं घासणं सुरू झालं, आणि भूपालचा खांदा त्याच्याही नकळत ढिला पडला.

डोळस माणसाजवळ फोटो असतो. मंजिरी गेल्यावर लोकांनी भिंतीवर तिचा फोटो लावला, हार घातला. भूपालच्या बोटांना ती एक गुळगुळीत काच होती. तिचा आवाज टेपवर होता, पण तो सगळ्यांचा होता. हे मात्र त्याचं होतं. आणि हे गेली तीन-चार वर्षं स्टेशनरोडच्या केंद्रात कुणालाही मिळत होतं, फक्त त्याने ते नाकारलं होतं.

"सर?" सानिया म्हणाली. "थांबवू?"

"हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो केंद्र उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसला होता. तिसऱ्याही. सानियाने विचारलं, की काही जाणवलं का? तो म्हणाला, "अजून ठरवता येत नाही. घाईत कोपराचं निदान होत नसतं." चौथ्या दिवशी घरी त्याने नकळत भरलेला तांब्या उचलला आणि दुखलं नाही, तेव्हा त्याला स्वतःच्या कोपराचाच राग आला. बरं व्हायची इतकी काय घाई होती?

खरं म्हणजे जाणवलं होतं. पहिल्याच दिवशी. घासण्याच्या शेवटाला, अंगठा परत फिरताना, काहीतरी वेगळं होत होतं. कापडात एक धागा उलटा जावा, तसं. पण ते मान्य केलं असतं तर दुसऱ्या दिवशी यायला कारण उरलं नसतं.

शनिवारी तो म्हणाला, "सानिया, मला शिकलेला हात नको. बाईंनी मोजे घातले होते तेव्हा जे टिपलं, ते जसंच्या तसं दे. पहिल्या दिवसाचं. मग शेवटच्या दिवसाचं."

"ते नुसतं वाजेल, सर. तुमच्या कोपराला उत्तर नाही देणार."

"उत्तर नकोय."

पहिला दिवस चैत्रातला. अंगठा स्वच्छ, एकटा, सरळ वरून येणारा. हीच ती. मग सानियाने शेवटचा दिवस लावला, पावसाळा लागायच्या सुमाराचा. जोर तेवढाच होता. भूपालने दुसऱ्या हाताने बाहीवरून बोटं फिरवली आणि आत काय चाललंय ते तंतूतंतूवर चाचपत राहिला. अंगठ्याच्या मागे काहीतरी टेकलं होतं. वाकवलेल्या तर्जनीचं पेर. अंगठ्याचा जोर खरा अंगठ्याचा नव्हताच, मागून ढकललेला होता, बाजूने येत होता, आणि प्रत्येक घासण्याच्या शेवटी त्याचा तोल जाऊन तो हाडावरून पुढे निसटत होता. नसेवर.

"परत लाव."

परत लावलं.

"सानिया, तुझा हात दे." त्याने तिच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या मांसल उंचवट्यावर बोट ठेवलं. "हा स्नायू वाळायला लागला, की माणूस काय करतो माहीत आहे? अंगठ्याला मागून टेकू देतो. चांगला फिजिओ असेल, तर इतका बेमालूम देतो, की पेशंटला कळत नाही. तुमच्या यंत्राला कळलं नाही. त्याने तो तिचा स्वभाव समजून शिकून घेतला."

सानियाला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे उन्हाळ्यातच त्या... पण तुम्ही म्हणाला होतात, दिवाळीत कळलं."

"मला दिवाळीत कळलं."

त्याला त्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवली होती. शटर ओढलेलं, वाटीतलं तेल कोमट. भांडणानंतर आठ-दहा दिवसांनी तो कसाबसा नेमाला बसला होता. "डावा दे," तो म्हणाला, तिने दिला. "आता उजवा." ती म्हणाली, "तो राहू द्या. तो कंपनीला दिलाय." तिला हसू आल्यासारखा आवाज होता. भूपालला ते टोमण्यासारखं झोंबलं. "मग कंपनीलाच दाबायला सांग," म्हणून तो उठला. त्यानंतर त्याने तिचा उजवा हात मागितला नाही. तिनेही पुढे केला नाही. डावा तेवढा रोज देत राहिली.

आयुष्यभर लोकांचे हात हातात घेऊन रोग ओळखणारा माणूस. त्याच्याच घरात वाळत चाललेला हात होता, आणि हा रुसून बसला होता. त्याने हात धरला असता, तर एका क्षणात त्याला कळलं असतं. तिला हे माहीत होतं. म्हणून तर तिने तो विनोद केला होता. आणि कैऱ्या संपत आल्यात, हे तिने सांगितलंही होतं की. त्याने ते भांडण म्हणून ऐकलं.

"सर," सानिया हळूच म्हणाली, "दुरुस्त करता येईल. शेवटच्या निसटण्याच्या जागी दुसऱ्या चांगल्या हातांचं मिसळायचं. बाकी बहुतेक बाईच राहतील."

"तिला दुसऱ्याचा अंगठा लावणार?"

"नाहीतर पहिल्या काही दिवसांवरूनच शिकवलं असतं, पण तेवढ्यावर हात उभा राहत नाही." ती आणखी जवळ आली. "दुसरं एक आहे. हे मी बोलायला नको. एक जुनी बाही भंगारात गेली असं दाखवता येईल. ती तुमच्या घरी असेल. कुणाला कळणार नाही, सर. तुमच्यापुरती."

भूपालने बाही उतरवून टेबलावर ठेवली. तिथून तो घरी न जाता काठी टेकत तंबोऱ्यांच्या गल्लीत गेला. एरवी या गल्लीत दुरूनच कानशीचा बारीक खरखरता आवाज यायचा. दस्तगीरांच्या दुकानात आज तो नव्हता.

"या डॉक्टर. बसा, तिथं भोपळा आहे, सांभाळून." दस्तगीरांनी त्याच्या हातात एक तंबोरा दिला. भूपालने तार छेडली. सूर उमटला आणि लगेच विझला, पाठीमागे ती लांबत जाणारी गुंज नव्हती. "ऐकलंत? असं होतंय." दस्तगीर शेजारी बसले. "सोमवारी विचारणार आहेत म्हणं. मी सांगतो, माझी बोटं बाहीनं नाही गेली. पडलो होतो, असं सांगतो. पेन्शन खायच्या वयात खोटं बोललं तर अल्ला माफ करंल. बाईंनी माझ्या बायकोची मान बरी केली होती, तिला तीन महिनं झोप नव्हती."

"दस्तगीरभाई."

"नको, तुम्ही काही बोलू नका. बाईंचं नाव पुसतील का ते?"

भूपालने ती तार पुन्हा छेडली. त्याला हो म्हणायचं होतं. पडलो होतो म्हणा, दस्तगीरभाई. एवढंच म्हणायचं होतं, आणि जिभेच्या टोकाशी ते आलंही होतं. तार विझली.

"उद्या अजून कुणीतरी बाईंचाच हात द्या म्हणेल," तो म्हणाला. "तुमच्यासारखंच. भेट म्हणून."

सोमवारी समिती फोनवर होती. चार आवाज, त्यांतला एक नम्र आणि वयस्कर. भूपालने थोडक्यात सांगितलं. हात चुकीचा शिकवलेला नाही. हात आजारी होता. देणारीला माहीत होतं, म्हणूनच तिने घाईने दिला. आपला तोल जातोय, हे तिला जाणवलं नसावं. वाळत्या अंगठ्याला ते उशिरा कळतं. हात मागे घ्या.

"चौगुले साहेब," वयस्कर आवाज म्हणाला, "आम्ही 'उपकरणातील त्रुटी' असं नोंदवू. बाईंच्या नावाला काही लागू नये."

"नाही. आजारी होता असंच नोंदवा." भूपाल म्हणाला. "ते कुणीतरी ओळखायला हवं होतं."

पुसण्याच्या दिवशी तो केंद्रात आला, तेव्हा त्याच्या पिशवीत थर्मास आणि एक वाटी होती. सानियाने दार लावून घेतलं.

"सर, भंगारातल्या बाहीचं अजून जमेल. विचार केलात?"

"केला. घरी नेली तर ती मला बरं करत राहील. शेवटपर्यंत तेच केलं तिने." थर्मासमधल्या गरम पाण्यात वाटी धरून तो तेल कोमट करत होता. बोटाने पाहून पुन्हा धरत होता. "बाही कोपरावर नको. टेबलावर मोकळी ठेव. मी नुसते तळवे आत घालतो."

"ती त्यासाठी केलेली नाही. तिला काही कळणार नाही, सर."

"आणि तेलाने खराब होईल," भूपाल म्हणाला.

"होऊ दे," सानिया म्हणाली.

भूपालने दोन्ही हातांना तेल लावलं आणि ते बाहीच्या रुंद तोंडातून आत सरकवले. बाही जागी झाली. बोटांची पाठ त्याच्या मनगटावरून फिरली, येऊ का म्हणून. मग अंगठा हाडाचं टोक शोधायला निघाला. तळव्यात ते कुठून सापडणार? तो बोटांच्या मुळांशी गेला, परत फिरला, मनगटाच्या कडेला जरा थबकला, ते नव्हे म्हणून पुढे सरकला. ती शोधतच राहिली.

"उजवा दे, मंजू," भूपाल म्हणाला.

तो फिरता दाब त्याने स्वतःच्या दोन अंगठ्यांच्या मध्ये धरला. आत तंतू होते, हे तो विसरला नव्हता. तिथे स्नायूचा उंचवटा असायला हवा होता, तिथून त्याने सुरुवात केली. गोल, सावकाश, बुडापासून वर. अंगठा निसटून पुन्हा कामाला लागला. त्याने परत धरला. अंग प्रतिकार करत असेल, तर थांबावं, हा तिचा जुना नेम. ती थांबे, पुन्हा निघे. त्याच्या बोटाच्या मुळाशी असलेल्या गाठीवर ती एकदा येऊन गेली.

"अगं, आत्ता पेशंट तू आहेस."

बाहेर कुणीतरी केंद्राचं दार वाजवलं आणि निघून गेलं. तो दाबत राहिला. कितीतरी वेळाने, धरलेल्या जागी, तो अंगठा एकदम सैल पडला.

भूपाल हलला नाही. "बंद केलंस?" त्याने विचारलं.

"नाही, सर." सानियाचा आवाज ओला होता. "अजून चालूच आहे."

"मग राहू दे थोडी," तो म्हणाला. "तेल गार होईपर्यंत."